मका गेला, चुना मागे राहिला

नवे पीक आले म्हणजे त्याचे बी येते, क्वचित् त्याची अवजारेही येतात. परंतु ज्या लोकांनी ते शेकडो पिढ्या केले व खाल्ले, त्यांचे ज्ञान बियांच्या गोणीतून येत नाही. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. पाहणीपत्रकात पिकाचे नाव लिहिण्यास रकाना असे, क्षेत्रास रकाना असे. ते पीक कसे करावे व कसे खावे ह्यास रकाना नसे. तेवढा मजकूर माणसे एकमेकांचे पाहून शिकतात, आणि वाटेत सांडतो तोही तेवढाच. ह्याचे मक्याइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तेथील लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो घडविला. त्या गवताच्या कणसात पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. आज आपण कणीस सोलतो त्यात शेकडो उघडे दाणे असतात. हे एका माणसाच्या हयातीत होणारे काम नव्हे. पणजाने बियाण्यास राखलेल्या कणसांतून पणतूने पुन्हा निवड केली, एवढेच. पण प्रत्येकास मागच्याची कमाई आयती मिळत गेली.

धान्याबरोबर स्वयंपाकाची रीतही अशीच घडली. तेथील बाया मका तसाच दळीत नाहीत. पाण्यात थोडा चुना कालवून त्यात दाणे शिजवितात, रात्रभर तसेच भिजू देतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच पाट्यावर वाटून त्याच्या भाकरी थापतात. अशा दाण्यांस निश्तमाल म्हणतात. ह्या जुन्या नाहुआ शब्दात राखेचे नाव आहे. उत्तरेकडील कित्येक जमाती चुन्याऐवजी लाकडाची राखच वापरीत. हा खटाटोप कशासाठी, असे विचारल्यास दाण्याचे साल सुटते, वाटण्यास सोपे जाते आणि भाकरी मोडत नाही, असेच उत्तर मिळावयाचे. ते खोटेही नाही. परंतु खरा लाभ निराळाच होता आणि तो कोणासही दिसत नव्हता.

1492 नंतर स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. पीक भरघोस आले आणि गरिबाचे अन्न झाले. तेथे पाणचक्क्या व पवनचक्क्या होत्या. कोरडा मका सालासकट सहज दळला जाई. मग चुन्याचा उपद्व्याप कोण करील? उत्तम यंत्र हाताशी होते, म्हणूनच ती रीत अनावश्यक वाटली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. 1735 साली गास्पार कासाल ह्या वैद्याने स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात एका नव्या रोगाचे वर्णन केले. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन फुटावयाची, मग हगवण, मग बुद्धिभ्रंश व अखेर मृत्यू. इटलीत 1771 साली फ्रापोल्ली ह्याने त्यास पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात उसळला. तेथील कुळे मक्याचे पीठ, डुकराची चरबी व काकवी ह्यांवर गुजराण करीत. 1906 ते 1940 ह्या काळात सुमारे 30 लक्ष लोकांस तो झाला व सुमारे 1 लक्ष दगावले, असा अंदाज आहे. संसर्ग म्हणून लोक रोग्यास दूर ठेवीत. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी 1915 साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर 11 कैद्यांस, त्यांच्या संमतीने, तसलेच निकृष्ट अन्न दिले. सहा जणांस रोग झाला. दूध, मांस, अंडी मिळताच तो हटतो, हेही त्यांनी दाखविले. 1937 साली एल्व्हेजेम ह्यांच्या संशोधनावरून उणीव निकोटिनिक आम्लाची, म्हणजे नायसिनाची, असल्याचे ठरले. मक्यात ते असते, पण जखडलेले. पोट ते घेऊ शकत नाही. चुन्याने अथवा राखेने ते सुटते.

मेक्सिकोतील आजीबाईंस हे कळत होते काय? मुळीच नाही. तिने आईचे पाहिले होते. ह्यावरून प्रत्येक रूढी कवटाळावी असे आम्ही म्हणत नाही. आजारी गुरांस डागण्या देण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला, हे बरेच झाले. परंतु ज्या कामास रोज कष्ट पडतात आणि तरीही पिढ्यानपिढ्या कोणी सोडीत नाही, ते सोडण्यापूर्वी निदान चौकशी करावी. करणाऱ्यास कारण सांगता येत नाही, एवढ्याने कारणच नाही असे ठरत नाही.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. 1990 साली मलावीत आश्रयास आलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांत पेलाग्राचे 18,000 हून अधिक रोगी निघाले. शिध्यात मका मिळत होता. वाटपातील भुईमूग तेवढा खंडित झाला होता. आपणही फार दूर नाही. ज्यांचे पोट बहुतांशी ज्वारीवरच भरे, अशा हैदराबादकडील गरिबांत हाच रोग गोपालन व श्रीकांतिया ह्यांनी पाहिला व 1960 साली प्रसिद्ध केले की ज्वारीतील ल्युसिनाचे आधिक्य त्यास कारण असावे. ज्वारी आपल्या घरी कोणी चुन्यात शिजवीत नाही. तिच्या जोडीला डाळीची आमटी असते, ताक असते आणि शेंगदाण्याची चटणी असते. शेंगदाण्यात नायसिन विपुल आहे. आपण मात्र चटणीस अजून तोंडी लावणे म्हणतो.