'कशावरून?' विचारणारी मराठी

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्याआधी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. त्यांच्यानंतर सव्वा महिन्याने, २९ जून २०२५ ला, पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासननिर्णय सरकारला मागे घ्यावे लागले. वर्षभराच्या आतल्या या तीन घटना. पहिलीचा सोहळा झाला, तिसरीसाठी लोक रस्त्यावर उतरायला निघाले होते, आणि मधल्या घटनेला श्रद्धांजलीचे लेख मिळाले. त्या लेखांत केंब्रिज होते, पद्मविभूषण होते, त्यांनी उभारलेली 'आयुका' ही संशोधन संस्था होती. मात्र मराठी भाषेच्या भवितव्याशी या माणसाचा काय संबंध होता, हे फारसे कुणी मांडले नाही. तो संबंध घट्ट होता. मराठीतून विज्ञान सांगणारे नारळीकरांच्या आधीही होते. नारळीकरांनी या भाषेला 'कशावरून?' हा प्रश्न सर्वांसमक्ष आणि न चिडता विचारायची सवय लावण्याचा प्रयत्न केला. ती सवय टिकवण्यात आपण कमी पडलो, आणि त्यांचा मागोवा घ्यायचा तर या अपयशासकट घ्यायला हवा.

त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग सर्वांना पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्म, बनारसमध्ये शिक्षण, केंब्रिजमध्ये रँग्लर, फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन. १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा हॉईल-नारळीकर सिद्धांत, आणि १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, पद्मभूषण. ही कर्तबगारी मोठीच आहे, पण मराठीचा एक शब्द न लिहिताही ती तेवढीच मोठी राहिली असती. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी सुरू होते.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. परिषद तेव्हा आठ वर्षांची होती. स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात पाठवली होती. ही हकीकत नेहमी गमतीने सांगितली जाते. मला तिच्यात त्यांच्या सगळ्या कामाची रीत दिसते. तपासणाऱ्यावर नावाचा दबाव येऊ नये, म्हणून नाव झाकायचे. जी वस्तू तपासायची, तेवढीच समोर ठेवायची. वैज्ञानिक कसोटीतला हा पहिला नियम त्यांनी मराठी साहित्यात पाऊल टाकताना स्वतःलाच लावला. सुमारे साडेतीन दशकांनी हाच नियम त्यांनी फलज्योतिषाला लावला, त्याकडे पुढे येतोच.

ते दशक अनेक अर्थांनी निराळे होते. १९७५ मध्ये 'आर्यभट' अवकाशात गेला. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवणारी घटनादुरुस्ती १९७६ ची. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ मध्ये आला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने विज्ञानकथेचा प्रवाह रुंदावत गेला आणि नव्या विज्ञानकथेची वाट पाहणारा एक वाचकवर्ग तयार झाला. तेव्हाही सगळे छान नव्हते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला देशभर रस्ते ओस पडले होते आणि लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. नारळीकरांचे लेखन नेमक्या या घरांत पोहोचत होते. पुढे २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला लोक चष्मे घेऊन बाहेर पडले. हा बदल एका माणसाने घडवला असे कुणी म्हणणार नाही. विज्ञान परिषदा, शिक्षक, दूरदर्शन या सगळ्यांचा त्यात हात होता. पण त्याच १९९५ च्या सप्टेंबरात गणपतीला दूध पाजायला देवळांपुढे रांगा लागल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. महिनाभरात समाज दोन्हीकडे धावला. मिळवलेली विवेकबुद्धी आपोआप टिकत नाही, तिला रोजचा खुराक लागतो, आणि हा खुराक माणूस ज्या भाषेत घाबरतो त्याच भाषेत द्यावा लागतो.

नारळीकरांच्या कथांवर एक आक्षेप सुरुवातीपासून आहे. पात्रे पातळ आहेत, संवाद माहिती सांगण्यासाठी येतात, मनाची गुंतागुंत दिसत नाही. हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण या कथांनी काय साधले, हेही बघायला हवे. 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळ्याचा, ही भावना मराठी घराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नारळीकर त्या भावनेचा उपमर्द न करता तिथूनच आत शिरतात आणि वाचकाला डाव्या-उजव्याच्या भूमितीपर्यंत, मोबियसच्या पट्टीपर्यंत नेऊन सोडतात. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासराव वाचतात आणि इतिहास वेगळ्या वाटेने जातो. पानिपताची जखम ठाऊक असलेल्या वाचकाला त्या कथेतून अनेक शक्यतांच्या विश्वाची कल्पना कळते, ती पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने कळली नसती. यक्ष, वामन, भस्मासुर हे त्यांच्या शीर्षकांत सहज येतात. परकी कल्पना मराठीत नुसती उतरवून घेण्यापेक्षा मराठी मनातल्या जुन्या खोलीला नवे दार पाडणे हे वेगळे आणि अवघड काम आहे. ते त्यांना साधले.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. विज्ञान इंग्रजीत चालते, खुद्द नारळीकरांचे शोधनिबंध इंग्रजीत आहेत, मग मराठीचा आग्रह कशाला? संशोधनाची भाषा इंग्रजी आहे हे मान्यच आहे आणि नारळीकरांनीही त्याविषयी तक्रार केली नाही. पण विज्ञानाचे काम प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही. पत्रिका मराठीत पाहिली जाते, मुहूर्त मराठीत काढला जातो, भोंदूबाबा मराठीत बोलतो. मग त्यांची उलटतपासणी इंग्रजीत करून काय उपयोग? २००८ मध्ये नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून २०० पत्रिका केल्या. मुलांची ओळख झाकली. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. ५१ जण पुढे आले, २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४ आणि सरासरी निम्म्याहून कमी. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या आणि त्यांतल्या १०२ बरोबर ओळखल्या. नाणे उडवले असते तरी साधारण एवढेच यश मिळाले असते. या चाचणीत शिवीगाळ नव्हती, खिल्ली नव्हती. ज्योतिषांना सन्मानाने बोलावले, निकष आधी सांगितला आणि आकडे जाहीर केले. पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, या चौघांपैकी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. शांतपणे 'कशावरून?' विचारण्याची किंमत या राज्यात एवढी असू शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार आहे. ज्योतिषांकडे पुरावा मागणारे नारळीकर स्वतः महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांताविरुद्ध आयुष्यभर उभे राहिले. १९६५ मध्ये विश्वातली सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी सापडल्यावर त्यांना पटलेल्या, महास्फोट न मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लंगडी पडली, तरी १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्याचे सुधारित रूप मांडले. मग त्यांचा हट्ट आणि ज्योतिषाचा हट्ट यांत फरक काय? फरक रीतीत आहे. त्यांनी आपले म्हणणे गणितात मांडले, तज्ज्ञांच्या नियतकालिकांत छापले आणि निरीक्षणांनी ते खोडता येईल असे ठेवले. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटले नाही. ते अल्पमतात राहिले, आणि त्यासाठी त्यांनी श्रद्धेचा, परंपरेचा किंवा देशाभिमानाचा आधार कधी घेतला नाही. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून हवेचे नमुने आणले आणि त्यांत जिवंत जिवाणू मिळाले, तेव्हाही ते पृथ्वीबाहेरून आल्याचे सिद्ध झाले अशी घोषणा त्यांनी केली नाही. आवडत्या कल्पनेलाही पुराव्यापुढे थांबायला लावणे म्हणजे काय, हे त्यावरून कळते. त्यांचे विश्वाचे प्रारूप उद्या पूर्ण विस्मृतीत गेले, तरी हा धडा शिल्लक राहील.

साहित्यक्षेत्राने त्यांच्याशी कसा व्यवहार केला, हेही नोंदवायला हवे. १९७५ मध्ये दुर्गाबाईंनी जे ओळखले, ते संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचायला ४६ वर्षे लागली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले; संमेलन भरले तेव्हा ते ८३ वर्षांचे होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, आणि चर्चा झाली ती त्यांच्या गैरहजेरीची. साहित्य अकादमीने २०१४ मध्ये गौरवले ते 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. विज्ञानकथा मात्र आजही मुलांच्या कपाटात ठेवली जाते. ज्या काळात यंत्रे वाक्ये रचू लागली आहेत आणि जनुके बदलता येत आहेत, त्या काळात हे वर्गीकरण मराठी साहित्यालाच खुजे करते.

शाळेतली स्थिती त्याहून गंभीर आहे. 'सेमी इंग्रजी'च्या नावाखाली अनेक मराठी शाळांतही गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकवले जाते. पालकांची भीती मी समजू शकतो. पुढचे शिक्षण इंग्रजीत असते आणि मूल मागे पडू नये असे प्रत्येकाला वाटते. पण याचा परिणाम असा की कविता, सण आणि पूर्वजांचा अभिमान मराठीत राहतो आणि कार्यकारणभाव इंग्रजीत जातो. भावना एका भाषेत आणि तर्क दुसऱ्या भाषेत शिकणारे मूल घरात कुणी मुहूर्ताची गोष्ट काढली, तर तर्काची भाषा दप्तरात ठेवून देते. 'कृष्णविवर' हा शब्द ज्या मुलांना अनोळखी झाला, त्यांना नारळीकरांची कथाही अनोळखी होणार. हिंदीच्या सक्तीविरुद्ध आपण एकजुटीने उभे राहिलो ते योग्यच होते. विज्ञान मराठीतून निघून चालले, तेव्हा मात्र कुणी सक्ती केली नव्हती आणि कुणी मोर्चाही काढला नाही.

सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन. त्यांचे स्मारक करायचे असेल तर ते या रीतीचे करावे. मराठी शाळांनी विज्ञानाचा किमान एक तास मराठीतून घ्यावा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संशोधकाने आपले काम वर्षातून एकदा मराठीत समजावून सांगावे, आणि संमेलनांनी विज्ञानलेखनाला मुख्य मांडवात जागा द्यावी. आणि घरातले मूल देवापुढे, वर्तमानपत्रापुढे किंवा आपल्यापुढे उभे राहून 'कशावरून?' म्हणाले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, आणि त्याच्याबरोबर शोधायला बसा.