बांधावरचा पहारा आणि आभाळ

खाचराच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत तंटा व्हावा, ही मुळशीकरांस नवलाची गोष्ट नव्हे. परंतु त्याच बांधावर आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, हद्दीचा दुसराही एक तंटा रोज चालतो व त्याचा निकाल बहुधा ऊन देते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पौडाहून ताम्हिणीकडे जाताना झुडपांवर एक मोठे काळे फुलपाखरू बसलेले आढळते. त्याच्या पंखांवर पांढरे ठिपके असून त्यांच्या कडेस निळी झाक असते. इंग्रजीत यास ‘ग्रेट एगफ्लाय’ म्हणतात. हा नर होय. जवळून दुसरे पाखरू गेले, की हा त्याच्यावर धावून जातो आणि फेरा मारून पुन्हा आपल्या फांदीवर येऊन बसतो. हे भांडण मधासाठी नव्हे. मादी येण्याच्या वाटेवरील जागा आपल्या ताब्यात राहावी एवढ्यासाठी. दात नाहीत, नांगी नाही. तेव्हा युद्ध म्हणजे एकमेकांभोवती गिरक्या घेणे, व आधी थकेल त्याने निघून जाणे.

फुलपाखरास अंगची ऊब पुरत नाही. उडण्याचे स्नायू सुमारे ३० अंशांपर्यंत तापल्यावाचून नीट चालत नाहीत. म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसते. ढग आला की पहारा उठतो आणि क्षणापूर्वी गजबजलेला बांध ओस पडतो. इंग्लंडात एन. बी. डेव्हिस यांनी रानातील उन्हाचे कवडसे राखणाऱ्या नरांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. कवडशात आधी बसलेलाच जिंकतो, असे त्यांस आढळले. पुढे १९९८ साली इतरांनी असा पक्ष मांडला, की तो जिंकतो तो आधी आला म्हणून नव्हे, तर उन्हात अधिक तापला म्हणून. आम्हांस हा दुसरा पक्ष अधिक पटतो.

‘हल्ली फुलपाखरे दिसत नाहीत’ अशी तक्रार आपण ऐकतो. ती खरी असेलही; पण अभ्राच्छादित दिवशी एक फेरी मारून केलेली मोजणी आम्ही ग्राह्य धरणार नाही. मोजणाऱ्याने तिथीबरोबर वेळ आणि आभाळही टिपून ठेवावे. तसेच स्वच्छ उन्हाचा पूर्वाह्न औषध फवारण्यास सोयीचा वाटला, तरी पहारेकरी आणि मधमाश्या बाहेर असण्याची वेळही तीच. फवारणी सायंकाळवर टाकता येते. राबासाठी बांधावरचे एकूण एक झुडूप तोडले, तर बसण्यास फांदीच उरत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

मात्र उन्हाचा हा नियम सर्वांस लागू नाही. भाताच्या पानांवर जिची अळी वाढते ती ‘ईव्हनिंग ब्राऊन’ जात दिवसभर पाचोळ्यात दडून राहते. तिचे नर जागेसाठी झगडतात ते सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशात, थोडा वेळच. पावसाळ्यात तिच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखी चिन्हे ठळक असतात. कोरड्या दिवसांतील पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी दिसते. तिन्हीसांजेस दिव्याच्या ओढीने घरात शिरणारे तपकिरी पाखरू पुष्कळदा हेच असते.