मुळशीत गावे किती बुडाली?

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने बांधलेल्या धरणाखाली गावे किती गेली, असे विचारले तर कोठे 52 हा आकडा वाचावयास मिळतो, कोठे 54. आणि 1921 सालच्या रामनवमीस जेथे या धरणाविरुद्ध सत्याग्रहाचा आरंभ झाला व ज्यामुळे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' ठरले, त्या मुळशी पेट्याविषयी एवढी तफावत असावी, याचे नवल वाटते.

दोष मोजणाऱ्यांचाच असेल असे नाही. महसुली दप्तरात 'मौजे' म्हणून नोंदले तेच गाव म्हणावे, तर ओढ्यापलीकडची वाडी निराळी धरता येत नाही. जेथे चुली पेटतात ती प्रत्येक वस्ती गाव मानावी, तर आकडा फुगतो. आणि शिवार पाण्याखाली जाऊन गावठाण तेवढे उंचावर शाबूत राहिले, तर ते गाव बुडाले म्हणावे की वाचले? 'एक' कशास म्हणावयाचे, याचा निवाडा आधी व्हावा लागतो.

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी संख्येस द्रव्याचा गुण मानले खरे, परंतु 'हे एक, हे एक' अशी सांगड घालणाऱ्या अपेक्षाबुद्धीवाचून द्वित्व उत्पन्न होत नाही, असेही त्यांनी सांगून ठेवले. जर्मन तर्कज्ञ गॉटलोब फ्रेगे याने 1884 साली निराळ्याच वाटेने हा प्रश्न हाताळला. पत्त्यांची चवड हाती देऊन नुसते 'मोज' म्हटले, तर जोड मोजावयाचे की पाने, हे कळत नाही. सबब संख्या वस्तूस नव्हे, संकल्पनेस लागू होते, असा त्याचा सिद्धांत. मोजणाऱ्याच्या मनास त्याने त्यात थारा दिला नाही. येथे मला आपले वैशेषिक अधिक उदार वाटतात.

धरणातील पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यास स्वतःची अशी 'एक' म्हणण्याजोगी सीमाच नाही. म्हणून घनफूट बाहेरून आणावा लागतो, जशी भाताच्या राशीस पायली. या पाण्यावर चालणाऱ्या भिऱ्याच्या वीजगृहातून निघणाऱ्या विजेसही युनिट असेच लावावे लागते.

माणसांची गणती मात्र इतकी निरुपद्रवी नव्हती. पेट्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या. खातेदार हे एकक धरले की मोबदल्याचा हिशेब सरळ जुळे, आणि त्याच खाचरात राबणारी कुटुंबे मोजू लागले की तो विसकटे. सावकारांनी अखेर मोबदला पत्करला, 1924 च्या सुमारास लढा ओसरला, आणि निकाली निघाला तो पहिलाच हिशेब.