डिस्क निकामी, तरी माहिती शाबूत!

प्रतिनिधी

सकाळी कार्यालयातील सर्व्हर सुरू करावा आणि पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश झळकावा, यासारखा दुसरा धसका नाही. वर्षानुवर्षांचे हिशेब आणि ग्राहकांच्या नोंदी त्या एका पेटीत असतात. अशा वेळी मूळ बिघाडापेक्षा घाईने केलेला उपायच अनेकदा अधिक घातक ठरतो. त्यामुळे डिस्कसंचाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून काम घेण्याची कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मांडली. त्यातूनच ‘रेड’ हे नाव रूढ झाले. ‘रेड ०’ मध्ये माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर वाटले जातात. वेग वाढतो, मात्र एक डिस्क गेली की सारा संच गेला. ‘रेड १’ मध्ये तीच माहिती दोन डिस्कवर लिहिली जाते. ‘रेड ५’ एका, तर ‘रेड ६’ दोन डिस्कचे निकामी होणे सोसू शकतो.

‘रेड ५’ची युक्ती सोपी आहे. समजा, पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहिली. दुसरी बंद पडली, तर १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी ‘एक्सऑर’ ही क्रिया करतो, तत्त्व हेच. हा ‘पॅरिटी’चा अंक आळीपाळीने सर्व डिस्कवर ठेवला जातो.

अनेकदा डिस्क ठणठणीत असतात आणि बिघडतो तो कंट्रोलर किंवा मदरबोर्ड. डिस्कचा क्रम, तुकड्यांचा आकार आणि पॅरिटीची रीत ठाऊक असल्याशिवाय माहितीची जुळणी होत नाही. अनेक कंट्रोलर हा तपशील डिस्कवरही नोंदवतात. त्यामुळे त्याच बनावटीचा, सुसंगत कंट्रोलर बसविल्यास संच पुन्हा ओळखला जाऊ शकतो. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमधील संच तर दुसऱ्या संगणकाला जोडून ‘एमडीअ‍ॅडम’च्या साह्याने उभा करता येतो.

बिघाड होताच प्रथम यंत्र बंद करावे. डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर तिच्या खाचेचा क्रमांक लिहावा. ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का, या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. त्यानंतर प्रत्येक डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिमा घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारे भाग उतरवते आणि मग खराब भागांकडे वळते. पुढील सारे प्रयोग या प्रतींवरच करावेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा सुरू न करता धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावी.

संचाच्या पुनर्बांधणीतही धोका असतो. नवी डिस्क बसविल्यावर उरलेल्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच वयाच्या असल्यास याच काळात दुसरी डिस्कही मान टाकू शकते. हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने काही सॉलिड स्टेट डिस्कबाबत इशारा दिला होता. फर्मवेअरमधील दोषामुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे चालल्यावर बंद पडणार होत्या आणि त्यांतील माहिती परत मिळणे शक्य नव्हते. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी बंद पडणार असतील, तर पॅरिटी काय करणार? फर्मवेअर वेळीच बदलणे हाच त्यावर उपाय होता.

थोडक्यात, ‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. आग आणि व्हायरसही संचाला सोडत नाहीत. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा साधा नियम पाळावा. त्या प्रतींतून माहिती खरोखर परत मिळते का, हेही अधूनमधून तपासावे. संकट आल्यावर ही परीक्षा घेण्यात अर्थ नसतो.