व्हॉल्व्हच्या गणकयंत्राची गोष्ट

पनवेलच्या बाजारात तांदूळ घ्यायला गेलात, तर दुकानदार मोबाइलवर बेरीज करून आकडा तुमच्यापुढे धरतो. तुम्ही तो मुकाट्याने मान्य करता. यंत्राने सांगितले म्हणजे बरोबरच असणार! माझ्या वर्गातली मुले तर सरळ विचारतात, "सर, यंत्र करतेय ना? मग ते कसे करते हे आम्ही कशाला शिकायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून मी त्यांना जी गोष्ट सांगतो, तीच आज तुम्हांला सांगतो.

१९५४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक धाडस सुरू झाले. डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत रंगस्वामी नरसिंहन नावाचे तरुण गणितज्ञ अमेरिकेतून शिकून आले होते. त्यांनी व त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी स्वतःच गणकयंत्र बांधायला घेतले. त्यांतल्या बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी हाताळलेही नव्हते. १९५६ साली लहानसे नमुना-यंत्र चालू झाले आणि १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले.

आता हे यंत्र हिशेब करी तरी कसे? समजा, वाण्याकडे १, २, ४ आणि ८ किलोची अशी चारच वजने आहेत. तेरा किलो तांदूळ हवा. तो आठाचे, चाराचे आणि एकाचे वजन पारड्यात टाकील. दोनाचे बाजूला ठेवील. पारड्यात असलेल्या वजनासाठी १ लिहा, नसलेल्यासाठी ०. तेराचा आकडा झाला ११०१. या चार वजनांत एकपासून पंधरापर्यंतचे कोणतेही माप होते, करून पाहा! म्हणजे 'आहे' आणि 'नाही' एवढे दोनच शब्द कळले, तरी सारे अंकगणित करता येते. वीज तेवढेच जाणते: चालू किंवा बंद.

हे चालू-बंदचे काम टिफ्रॅकमध्ये व्हॉल्व्ह करीत. जुन्या रेडिओच्या पाठीमागे तांबूस तेवणाऱ्या काचेच्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील, त्याच या. घरच्या रेडिओत त्या पाच-सहा असत; टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० होत्या. आकडे लक्षात ठेवण्यासाठी तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या होत्या. एक कडी म्हणजे एक 'आहे' किंवा 'नाही'. चाळीस कड्यांची एक ओळ, आणि अशा २,०४८ ओळी. एकंदर सुमारे ब्याऐंशी हजार कड्या झाल्या. ऐकायला पुष्कळ वाटते. पण आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही त्यांत मावणार नाही.

आणखी एक खुबी होती. कोणते आकडे घ्यायचे आणि त्यांचे काय करायचे, दोन्ही गोष्टी त्या एकाच स्मरणात ठेवलेल्या असत. ही कल्पना अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांनी बांधलेल्या यंत्राच्या वळणाची. तुमच्या खिशातला मोबाइलही मुळात याच तत्त्वावर चालतो.

पण गोष्टीचा कडू भाग पुढेच आहे. टिफ्रॅक पुरे होईतो जगात व्हॉल्व्हची सद्दी संपत आली होती. १९४७ साली शोध लागलेला चिमुकला ट्रान्झिस्टर त्यांची जागा घेत होता. १९६४ साली संस्थेत परदेशातून विकत घेतलेले नवे, कितीतरी वेगवान यंत्र आले आणि टिफ्रॅक लवकरच निवृत्त झाले. मग एवढी वर्षे घाम गाळला तो वायाच गेला म्हणायचा का?

मला तसे वाटत नाही. यंत्र जुने झाले, पण ते बांधताना माणसे तयार झाली, ती कशी जुनी होतील? नव्या यंत्राच्या पोटात काय चालते, हे त्यांना ठाऊक होते. नरसिंहन पुढे भारतीय संगणक सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. १९८०च्या दशकात अमेरिकेने आपला महासंगणक विकायला आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यातले प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, हे खरे. परंतु ते शेकड्यांनी जोडून एकाच कामाला कसे जुंपायचे, ती विद्या इथली होती. सारेच घरी बनवायला हवे असे नाही. पण विकत आणलेल्या वस्तूचे मर्म घरात कुणाला तरी कळले पाहिजे.

आज हा प्रश्न आपल्या उंबरठ्याशी आला आहे. जुलै २०२० मध्ये पनवेललाच 'योट्टा'चे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांतली यंत्रे बहुतांशी बाहेरून येतात. आपल्या मुलांनी तिथे नुसती राखण करायची, की त्या यंत्रांचे अंतरंग जाणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

तूर्त एवढेच करा. घरातल्या मुलाला ती चार वजने कागदावर मांडून द्या आणि अकरा किलो तोलायला सांगा. उत्तर १०११ आले, की समजा, टिफ्रॅक बांधणाऱ्यांच्या वाटेवर त्याने पहिले पाऊल टाकले!