पाळी गेल्यानंतरची हार्मोन थेरपी: लाभ आणि जोखीम

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, अमेरिकेत ५१ च्या सुमारास. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते आणि शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र हळवे होते. निफाडच्या कडाक्याच्या डिसेंबरातही द्राक्षमांडवाखाली हात वर करून घडांची विरळणी करणाऱ्या बाईच्या छातीतून एकाएकी गरम वाफ उठते, मान-चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि काही मिनिटांत अंग गार पडते. हा त्रास कित्येकींना सात-सात वर्षे पुरतो. जोडीला झोपमोड, योनीचा कोरडेपणा आणि हाडांची झीज असते.

या वाफांवर हार्मोन थेरपीइतका, म्हणजे घटलेले इस्ट्रोजेन औषधातून देण्याइतका, गुणकारी उपाय दुसरा नाही. त्यांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होते. हाडे मोडण्याची शक्यताही घटते. मात्र नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन तिथे कर्करोग होऊ शकतो. म्हणून गर्भपिशवी असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्या जातीचे औषध द्यावेच लागते.

या उपचाराची धास्ती पसरली ती २००२ मध्ये. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली दोन्ही हार्मोनांच्या गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ ने कमी झाले. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढच्या विश्लेषणांतून दिसले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना जोखमीपेक्षा लाभ अधिक असतो. पॅच किंवा जेलमधून त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. केवळ कोरडेपणासाठी योनीत लावायचे कमी मात्रेचे क्रीम पुरते.

स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावरून जाणाऱ्या रक्ताचे कारण कळलेले नसेल, तर ही थेरपी सहसा देत नाहीत. केवळ हृदयविकार टाळण्यासाठीही ती सुरू करत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, अनेकींची चाळिशीच्या आत. अंडाशयही काढले असतील तर रजोनिवृत्ती रातोरात येते. ठेवले असले तरी ती लवकर येऊ शकते आणि पाळीच नसल्याने ध्यानात येत नाही. अशा तरुण स्त्रियांत हाडे आणि हृदय यांची हानी लवकर सुरू होते. म्हणून मनाई करणारे कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत त्यांना इस्ट्रोजेन देण्याची शिफारस आहे. पिशवी नसल्याने बहुतेकींना प्रोजेस्टेरॉनची गरज पडत नाही. उपचार कोणताही असो, आधी रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करून घ्यावी आणि तो पुढे चालू ठेवायचा का, हे दरवर्षी डॉक्टरांसोबत ठरवावे.