हळदीची पूड की हळदीचा लेप?

मुलांनो, खेळताना पडून गुडघा फुटला की घरात काय होतं? आधी "बघून धावता येत नाही का?" असा एक दम मिळतो आणि दुसऱ्याच मिनिटाला मिसळणाचा डबा उघडून कुणीतरी जखमेवर चिमूटभर हळद दाबतं. आजीला विचारून बघा, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणेल, माझ्या आईनं. आणि तिला? तिच्या आईनं. असं कितीही मागे गेलात तरी हळद पहिल्यांदा लावणाऱ्या माणसाचं नाव काही सापडायचं नाही.

आता समजा, एक गृहस्थ हातात सरकारी कागद घेऊन आले आणि म्हणाले, "जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याची पद्धत आमची. आम्हाला विचारल्याशिवाय तिचा धंदा करायचा नाही." तुम्ही हसाल. पण असा कागद खरोखरच निघाला होता, बरं का! २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं 'जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग' या नावाचं पेटंट दिलं. त्याचा क्रमांक होता ५४०१५०४. ते मिळालं होतं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, आणि त्यावर संशोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती, ते होते मूळचे भारतीयच!

पेटंट म्हणजे काय, हे आधी पाहू. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात. हा एक सौदा असतो. संशोधकानं आपल्या शोधाची सगळी कृती लिहून जगासमोर ठेवायची. त्याच्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक वर्षं हक्क देतं, की हा शोध दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय बनवायचा, वापरायचा किंवा विकायचा नाही. आज बहुतेक देशांत ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. मुदत संपली की शोध सगळ्यांचा. त्वचेवर लावायच्या एखाद्या नव्या मलमामागे कित्येक वर्षांचे प्रयोग आणि खर्च असतो. दुसऱ्या दिवशी कुणीही नक्कल करू शकला तर एवढा खटाटोप करणार कोण? तेव्हा पेटंट ही काही वाईट गोष्ट नव्हे.

पण त्यासाठी तीन परीक्षा पास व्हाव्या लागतात. शोध उपयोगी हवा, तो जगाला नवा हवा आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असा नको. हळद उपयोगी आहे, मान्य. पण नवी? हा कागद कार्यालयातून बाहेर पडलाच कसा?

गंमत अशी की, हळद भारतात मुरगळणं, सूज अशा तक्रारींवर फार पूर्वीपासून वापरतात, हे त्या पेटंटच्या कागदातच लिहिलं होतं. तरीही पेटंट मिळालं! त्यांचा दावा जखमांपुरता होता: शस्त्रक्रियेची जखम, अंगावरचे व्रण वगैरे. हळद वरून लावा, पोटात द्या किंवा दोन्ही करा, असे सगळे मिळून सहा दावे होते. त्यांनी काही रुग्णांवर हळद वापरून पाहिली होती, हेही खरं.

खरी मेख होती अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात. एखादी गोष्ट जुनी आहे की नवी, हे ठरवताना अमेरिकेत ती कुणाला माहीत होती का, कुणी वापरत होतं का, हे पाहिलं जाई. पण अमेरिकेच्या बाहेर? तिथला नुसता वापर मोजायचाच नाही! बाहेरच्या देशातलं पेटंट किंवा छापील मजकूर असेल तरच तो पुरावा. म्हणजे बघा हं, साताऱ्याच्या आजीनं साठ वर्षं हळद लावली असली, सगळ्या गावानं लावली असली, तरी त्या कायद्याच्या लेखी ती कुणी लावलेलीच नव्हती. तेच कुठल्याशा पुस्तकाच्या कोपऱ्यात छापलेलं असेल, तर मात्र पक्का पुरावा. जी गोष्ट सगळ्यांनाच माहीत, ती मुद्दाम लिहून कोण ठेवणार? 'पाणी पातेल्यात तापवावं' असं कुणी छापून ठेवतं का?

पेटंटची बातमी भारतात आली तेव्हा एकच गदारोळ उठला. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली होती. परदेशी कंपन्या आता आपलं सगळं घेऊन जाणार, अशी धास्ती आधीच होती. त्यात ही हळद! उद्या फोडणीत हळद घालायलाही अमेरिकेची परवानगी लागणार, असं लोक बोलू लागले. ते अर्थातच खरं नव्हतं. पेटंट ज्या देशानं दिलं त्या देशापुरतंच चालतं, आणि स्वयंपाकातल्या हळदीशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता. पण न्यू जर्सीतल्या एखाद्या भारतीय दुकानदारानं पुडीवर 'जखमेवर लावण्यासाठी' असं छापून हळद विकायला ठेवली असती, तर त्याला नोटीस येऊ शकली असती. आपल्या आजीची युक्ती, आणि विकायची परवानगी दुसऱ्याकडे मागायची!

त्या वेळी सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जन्म गोव्यातल्या माशेल गावचा, शिक्षण मुंबईत, तेही अतिशय गरिबीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून ते १९९५ मध्ये दिल्लीला गेले होते. त्यांनी ठरवलं, लढायचं. मोर्चे काढून किंवा निषेधाचे खलिते पाठवून नव्हे, तर त्यांच्याच कार्यालयात, त्यांच्याच नियमांनी.

या लढाईचं हत्यार एकच, छापील कागद. पेटंटची फेरतपासणी मागायची तर अर्ज छापील मजकूर आणि जुनी पेटंटं यांच्याच आधारावर करावा लागतो. हजार आज्यांच्या साक्षी चालणार नव्हत्या. मग शोधाशोध सुरू झाली. ग्रंथालयांतून धूळ खात पडलेले ग्रंथ निघाले. संस्कृत, हिंदी, उर्दू भाषांतले उल्लेख मिळाले. काही तर शंभर वर्षांहून जुने होते! इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही हाती लागला. असे एकूण ३२ दाखले जमले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज वॉशिंग्टनला गेला.

आता खरी चुरस. पेटंटवाले गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, तुमच्या ग्रंथांत हळदीचा 'लेप' आहे, आम्ही वापरतो ती कोरडी 'पूड'! लेप अंगात जिरतो वेगळा, पूड जिरते वेगळी, तेव्हा लेपाचा गुण पुडीत असेलच असं जाणकाराला सांगता आलं नसतं. आणि पोटात घ्यायची हळद ग्रंथांत मधाबरोबर सांगितली आहे. मधानंही जखम भरते, मग गुण हळदीचा हे कशावरून?

हा मुद्दा वाचून हसू येतं, पण तो अगदीच पोरकट नव्हता. औषधांच्या शास्त्रात रूप बदललं की परिणाम बदलू शकतो. तेच औषध मलमातून दिलं तर एक, गोळीतून दिलं तर दुसरं. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ते शरीराच्या कामी यावं म्हणून आजही जगभर प्रयोग चालू आहेत. पण इथे प्रश्न होता, जुने दाखले वाचलेल्या माणसाला लेपावरून पूड सुचली असती की नाही? तपासनीसानं दाखले पडताळले आणि मत दिलं, की जखम भरून आणण्याच्या बाबतीत पूड आणि लेप यांत फरक धरता येत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले. विकसनशील देशाच्या परंपरागत ज्ञानावर घेतलेलं पेटंट अमेरिकेत असं लढून रद्द करून घेण्याची ही पहिलीच वेळ होती. वर्तमानपत्रांनी तिला 'हळदीघाटीची लढाई' म्हटलं. नाव झकास होतं, फक्त या हळदीघाटीत तलवारीऐवजी ग्रंथपाल कामी आले!

(एक सांगायचं राहिलं. हळदीचं कौतुक खरं, पण जखम खोल असेल, माती किंवा गंज लागला असेल, तर स्वच्छ पाण्यानं धुऊन सरळ डॉक्टरांकडे जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन हळदीच्या पुडीत नसतं.)

जिंकलो, पण दर वेळी असं किती धावणार? १९९७ मध्येच अमेरिकेतल्या एका कंपनीनं बासमतीच्या जातींवर पेटंट मिळवलं, आणि कडुनिंबापासून केलेल्या बुरशीनाशकावरचं युरोपातलं पेटंट २००० साली रद्द व्हायला कित्येक वर्षं लागली. शिवाय पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला संस्कृत येत नाही, हा काही त्याचा गुन्हा नव्हे. तेव्हा २००१ मध्ये सीएसआयआर आणि भारतीय वैद्यक पद्धतींचा सरकारी विभाग यांनी वेगळंच काम हाती घेतलं: परंपरागत ज्ञानाचं संगणकीय ग्रंथालय. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली एकेक कृती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणायची आणि पेटंट कार्यालयांना ती वाचू द्यायची. आज त्यात चार लाखांहून अधिक कृती आहेत. युरोपच्या पेटंट कार्यालयानं २००९ मध्ये त्यासाठी करार केला. आता तिथल्या तपासनीसाला पेटंट देण्याआधीच आपला काढा आणि लेप त्याच्या भाषेत वाचता येतो.

कायदेही बदलले. परंपरागत ज्ञान हा 'शोध' धरता येणार नाही, असं कलम २००२ च्या दुरुस्तीनं भारताच्या पेटंट कायद्यात आलं. अमेरिकेनं २०११ मध्ये आपला कायदा सुधारला. १६ मार्च २०१३ पासून तिथे जगात कुठेही उघडपणे होणारा वापर मोजला जातो. म्हणजे साताऱ्याच्या आजीची हळद त्यांच्या कायद्यात लागायला २०१३ साल उजाडलं.

पेटंट ५४०१५०४ मात्र नाहीसं झालेलं नाही. अमेरिकेच्या दफ्तरात ते आजही पाहायला मिळतं. त्याला १९९८ मध्ये एक पान जोडलेलं आहे, आणि दावा १ ते ६ रद्द, असं त्या पानावर नोंदलेलं आहे.